गिरणीवाल्याचा हैबतराव

आमच्या पेठ गावात एक कादंबरीकार आहेत आणि ते दळण दळतात, असं मी पुण्याच्या जाऊबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग दोन्ही कामं अर्धीच होत असतील." तसं काही नाही. पीठ जरा जाडसर येतं एवढंच. भगवंतभाऊजी म्हणतात, दगड जुने झालेत. त्यांची बायको चांगुणा म्हणते, दगडाला टाकी लावून खरबरीत करायच्या दिवशी हे घोड्यावर बसून कुठंतरी लढायला गेलेले असतात.

भाऊजी आमचे शेजारी. गिरणी वडिलांच्या वेळची, शिक्षण मंचरला अकरावीपर्यंत. लिहायचं वेड कसं लागलं ते त्यांनीच मला सांगितलं. शाळेची सहल शिवनेरीवर गेली होती. बाकीची पोरं तटावरून खाली थुंकून बघत होती आणि हे धान्याच्या अंबरखान्यापाशी उभे. गुरुजींना विचारलं, "गुरुजी, गडावरच्या एवढ्या लोकांना पीठ कोण दळून द्यायचं?" गुरुजी म्हणाले, "तुझा आजा." पोरं खो खो हसली. "पण वहिनी, मला ते पटलं," भाऊजी म्हणाले. "आजा न्हाई तर आजाचा आजा. कुनीतरी दळत व्हतंच की!" तेव्हापासून त्यांच्या डोक्यात जी घरघर सुरू झाली ती गिरणी बंद असली तरी चालूच.

लिहायचे पाठकोऱ्या कागदांवर, उभ्या उभ्या, चक्कीच्या टोपल्यातले दाणे संपेपर्यंत जेवढं होईल तेवढं. कादंबरीचा नायक हैबतराव, जुन्नर मुलखातला शिलेदार, आणि नायिका मैनावती. कागदांचा गठ्ठा पिठानं माखू नये म्हणून तांबड्या फडक्यात बांधून देवाच्या तसबिरीशेजारी खुंटीला टांगलेला असायचा.

आणि त्या तांबड्या फडक्यापायीच पुढचं सगळं झालं. १९९९ सालचा उन्हाळा होता. लाईट सारखी जायची. लाईट गेली की दळणाचे डबे रांगेत आणि बाया डब्यांवर. दळण टाकून घरी जावं तर परत यायला ऊन, आणि घरी तरी पंखा कुठं चालू होता! अशा एका दुपारी बाया कुरकुरायला लागल्या तेव्हा भाऊजींनी लाजत लाजत गठ्ठा खाली काढला. "वाचू का थोडं? येळ जाईल."

मला सवय पोथीची. आमच्या घरी रोज दिवेलागणीला पोथी असते, आळीतल्या बाया ऐकायला येतात. तांबडं फडकं सुटताना दिसलं की माझा हात आपोआप कुंकवाकडे जातो. गिरणीच्या मोटारीच्या पूजेची हळदकुंकवाची कोयरी कोनाड्यात होतीच. मी उठले आणि पहिल्या पानाला दोन बोटं लावली.

"अवो वहिनी, कादंबरी हाय ही!"

"असू द्या. मोठ्यानंच वाचायची आहे ना?"

माझ्यामागून आळीतली ठकूबाई उठली, मग बाकीच्या. हैबतरावाला हळद लागली, कुंकू लागलं, कुणीतरी जास्वंद वाहिली. जुन्नरहून लग्न होऊन आलेली शमाभाभी, बांगड्यांच्या दुकानातली, तिनं पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "अब पढो भाऊ, आम्ही ऐकतो."

भाऊजींनी वाचलं. काय वाचलं म्हणून सांगू! पाठीमागं मोटार बंद, समोर रस्त्यावरून ट्रक जातायत, आणि आम्ही सगळ्या हैबतरावाच्या मागं घोड्यावर. एकदम लाईट आली, भाऊजींनी सवयीनं स्टार्टर दाबला, आणि बायांनी असा काही आरडाओरडा केला की बाहेर चहावाला धावत आला. त्याला वाटलं कुणाचा पदर पट्ट्यात गेला.

त्यानंतर लाईट गेली की लोक वीज बोर्डाला शिव्या द्यायचे आणि आमच्या आळीत बाया डबे उचलायच्या. कितीकींचे डबे रिकामेच असायचे.

पहिल्याच पानावर हैबतरावाची आई वारलेली होती. बायडाक्काला ते अजिबात आवडलं नाही. बायडाक्का म्हणजे बायडाबाई, आमच्या आळीतली सगळ्यात तिखट बाई. नवरा लवकर गेला, शेरडं पाळून एकुलता एक भरत वाढवला आणि तो पलटणीत भरती झाला. त्या वेळी तो काश्मीरकडे होता.

"भगवंता, आल्या आल्या आई मारलीस? तुझं काय खाल्लं व्हतं तिनं?"

"अक्का, इतिहासात मानसं लवकर जायची."

"आताबी जात्यात. मग पोराचं कोन करनार?"

"चुलता हाय त्याला."

"चुलता!" बायडाक्का डब्यावर सावरून बसली. "ऱ्हाऊ दे चुलता. मी हाय."

सगळ्या हसल्या. पण लग्नाचा भाग आला तेव्हा ते हसण्यावारी राहिलं नाही. पोथीत रुक्मिणीचं लग्न लागतं तेव्हा आम्ही अक्षता टाकतो, मुलीकडच्या एका बाजूला बसतात आणि मुलाकडच्या दुसऱ्या. हैबतराव आणि मैनावतीच्या लग्नाचं पान येणार हे कळलं तशी ठकूबाई तांदूळ कुंकवात घोळूनच घेऊन आली. शमाभाभी मैनावतीकडची झाली, कारण बांगड्या तिच्याच दुकानातल्या भरायच्या होत्या. मुलाची आई बायडाक्का. तिनं कपाळाला आठ्या घालून मुलीकडच्यांना असं काही धारेवर धरलं की खरी विहीण बरी.

"पोरीला भाकरी येती का?"

"येते की!" शमाभाभी म्हणाली. "तुमच्या पोराला खायला येते का ते सांगा."

नाव घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून चांगुणालाच पुढं ढकललं. ती पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत म्हणाली, "चक्कीच्या पट्ट्याला तेल लावते खोबऱ्याचं, हैबतरावांचं नाव घेते, मन राखते सगळ्यांचं." तिनं हैबतरावाचं नाव घेतलं हे बघून भाऊजी कानापर्यंत लाल झाले. अक्षता उडाल्या, त्या टोपल्यात गेल्या, आणि पुढं कुणाच्या तरी बाजरीच्या पिठात गुलाबी कण निघाले.

चांगुणाची मात्र एक तक्रार होती. "अवो, ही मैनावती नुसती सज्जात उभी ऱ्हाती. हिला काय काम न्हाई का? पिरेम म्हंजे सज्जात उभं ऱ्हानं?"

भाऊजींनी दोन दिवस खोडाखोड केली. मग त्यांनी नवीन पान लिहून आणलं. मैनावती पहाटे जात्यावर बसलेली, आणि हैबतराव समोर बसून खुंट्याला हात लावतो. बस, एवढंच. दोघं एक अक्षर बोलत नाहीत. वाचून झाल्यावर भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "पिरेम म्हंजे मला तरी एवढंच म्हाईत हाय. जड जातंय ते दिसनं, आन दुसऱ्या बाजूनं हात लावनं." त्या दिवशी चांगुणाच्या चहात साखर जास्त होती. मी स्वतः प्यायले आहे.

मे संपता संपता टीव्हीवर कारगिल कारगिल सुरू झालं. बायडाक्काकडे टीव्ही नाही, आमच्याकडे येऊन दारात बसायची, आत यायची नाही. भरतची खुशाली यायची बंद झाली होती.  फक्त गिरणीत आली की विचारायची, "भगवंता, हैबत कुठवर गेलाय?"

हैबतराव बऱ्हाणपुराकडे मोहिमेवर निघाला होता. पुढं लढाई होती हे सगळ्यांना दिसत होतं.

एक दिवस सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते आणि भाऊजी कुंपणापाशी आले. तोंड उतरलेलं.

"वहिनी, मी हैबतला मारलाय."

आमचे हे ओट्यावर दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून उठले. "कुणाला मारलं? कधी?"

"लई वर्सं झाली, दादा. लिवून ठिवलंय. बऱ्हाणपूरच्या लढाईत."

हे "हात्तिच्या!" म्हणून परत आरशाकडे गेले. पण मी तांब्या खाली ठेवला. मला कळलं. अक्षता पडल्या होत्या, बायडाक्का त्याची आई झाली होती आणि तिचा भरत तिकडे डोंगरात होता. आता गिरणीत बसून त्या बाईसमोर तिच्या लेकाचं मरण वाचायचं?

"मारू नका," मी म्हणाले.

"आन इतिहास?" भाऊजी कळवळून बोलले. "वहिनी, लढाई लिवनं लई सोपं. तलवारी चालल्या की पान भरतंय. पर लढाई म्हंजे दुसऱ्या दिवशी सकाळी कुनाच्या घरी जातं बंद हाय, ते. मला ते सांगायचं व्हतं. समदेच जिवंत परत आनले तर त्या बंद पडलेल्या जात्यांचं काय? मी लबाड ठरतोय. न्हाई आनला, तर बायडाक्का..."

"भाऊजी, पोथीचा नेम तुम्हांला ठाऊक आहे. अशुभाशी आलो की तिथं उठायचं नाही. चांगलं काही येईपर्यंत वाचत राहायचं."

"पोथी न्हाई ही!"

"कुंकू तर लागलंय."

ते डोकं धरून गेले. पुढचे काही दिवस त्यांनी वाचायचं टाळलं. घसा बसलाय म्हणाले, चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा चांगुणानं त्यांच्याच नाकावरून काढून त्यांच्या हातात दिला.

शेवटी एका दुपारी लाईट गेली आणि सुटका राहिली नाही. बायडाक्का सगळ्यात पुढं, रिकामा डबा पालथा घालून त्यावर. भाऊजी वाचायला लागले. फौजा समोरासमोर आल्या, धुरळा उठला. हैबतरावाचा घोडा कोसळला, हैबतराव त्याच्याखाली, आणि वरून एक भाला येतोय. भाऊजी थांबले. पान उलटलं. पुढच्या पानावर काय आहे ते त्यांना आणि मला ठाऊक होतं. 

आणि नेमकी लाईट आली! बल्ब लागला, पंखा फिरला. भाऊजींच्या तोंडावर असा आनंद पसरला, जसा काही तो भाला त्यांच्यावरच येत होता आणि चुकला. गठ्ठा गुंडाळत म्हणाले, "चला, कुनाचा नंबर हाय?"

एकही बाई हलली नाही. मी म्हणाले, "असं उठता येत नाही, भाऊजी."

"लाईट हाय तवर दळून घ्या की!"

तेव्हा चांगुणा उठली, भिंतीपाशी गेली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला. खटकन आवाज झाला. पंखा थांबला. "ग्येली लाईट," ती म्हणाली. "वाचा."

भाऊजींनी आमच्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. मग त्यांनी कागद तांबड्या फडक्यात ठेवले, वर गाठ मारली आणि हात मांडीवर ठेवून तोंडानं सांगायला लागले. "भाला... भाला घोड्याच्या खोगिरात घुसला. रात पडली. धुरळा खाली बसला. हैबतरावानं डोळं उघडलं."

शमाभाभी "या अल्ला" म्हणाली आणि ठकूबाईनं "पांडुरंगा". बायडाक्का पुढं सरकली. तिनं विचारलं, "पानी पाजलं का कुनी?"

"पाजलं, अक्का."

"मग यील."

आता हैबतराव पायी निघाला. आणि इथून पुढं भाऊजींच्या हातात काही राहिलं नाही. तो पहिल्यांदा संगमनेरपर्यंत आला, तर एक बाई म्हणाली, तिथं माझी थोरली बहीण दिली आहे, तिच्या घरी जेवू दे. जेवला. मग काय! ओतूर ठकूबाईचं माहेर. तिथं तो मुक्कामाला राहिला, मासवडी खाल्ली. जुन्नर शमाभाभीचं. तिच्या अब्बांच्या घरी त्याला शीरखुर्मा मिळाला. बेल्ह्याची एक सून म्हणाली, घोडा मेलाय ना, मग आमच्या बाजारातनं बैल तरी घ्या, चालतोय कशाला? भाऊजींनी विनवून सांगितलं की शिलेदार बैलावर बसून येत नाही. "मग वाकडी वाट करून आमच्याकडं जेवायला तरी या," ती म्हणाली. आला बिचारा, वाकडी वाट करून.

"असला सरदार इतिहासात झाला न्हाई," भाऊजी मला म्हणाले. "लढाईत वाचला, आता अजीर्णानं जातोय."

नारायणगावची एक होती. तिनं त्याला टोमॅटोची चटणी वाढली. भाऊजी ताडकन उभे. "टोमॅटो न्हवतं तवा!"

"बरं, बटाट्याचा रस्सा?"

"बटाटाबी न्हवता!"

"अगं बया! मग खात व्हते काय? काय न्हवतं ते एकदाच सांगून टाका, आमी तसं वाढू."

शेवटी हुलग्याच्या पिठाच्या पातळ माडग्यावर मिटलं. बाया घरी जाऊन नवऱ्यांना माडगं वाढायला लागल्या आणि नवऱ्यांना कळेना आपलं काय चुकलं.

असं हसत खिदळत जुलै गेला. टीव्हीवर सांगितलं, लढाई संपली. भरतचं काही कळलं नाही. हैबतराव मंचरपर्यंत आला, अवसरी घाटात शिरला. घाट ओलांडला की आमचं पेठ. आणि तिथं तो थांबला.

घाटात त्याला ताप आला. ताप उतरला तर बिबट्या आडवा आला. बिबट्या गेला तर वाट चुकला, आमच्या अवसरी घाटात, जिथं शेरडूसुद्धा वाट चुकत नाही. बाया आता खिदळत नव्हत्या. प्रत्येकीला कळत होतं भाऊजी का रेंगाळताहेत. हैबतरावाला मारायचा नव्हता, पण भरतच्या आधी घरीही आणायचा नव्हता. हैबतराव आला आणि भरत आला नाही तर बायडाक्काकडे बघायचं कुणी?

"आशा म्हंजे मानूस वाटंवर ठिवनं," भाऊजी मला हळूच म्हणाले. "वाटंवर हाय तवर हाय, वहिनी." मी संध्याकाळी भीमाशंकराला दिवा लावताना भरतसाठी मागणं मागायची आणि मागता मागता तोंडात हैबतरावाचंही नाव यायचं. देवाला काय वाटलं असेल कोण जाणे.

मग श्रावणातल्या एका दुपारी भाऊजी म्हणाले, "आन तेवढ्यात हैबतरावाच्या पायात बाभळीचा काटा..."

"भगवंता!"

बायडाक्का उभी राहिली होती.

"काटा काड आन त्याला घरी आन."

"अक्का, अजून जरा..."

"जरा काय जरा? माझ्या तोंडाकडं बघून कथा सांगतोस व्हय रं? मला काय येड लागलंय? तुझा हैबत कागदावरचा. माझा भरत माझा हाय, त्याचं मी आन माझा देव बघून घिऊ. त्यो आला म्हनून ह्यो यील आन ह्यो न्हाई आला तर त्यो न्हाई, आसं काय असतंय का? पर ह्या बायांकडं बघ! समद्यांनी आपापल्या माहेरात जेवू घातला त्याला. आन आईच्या दारात यायच्या टायमाला त्याच्या पायात काटा? माझं घर काय वंगाळ हाय? मी काय त्याला उपाशी ठिवनार हाय?"

 आणि मग शमाभाभीला हसू फुटलं, ते असं फुटलं की थांबेना. मग ठकूबाई, मग मी, मग सगळ्याच. बायडाक्का रागानं सगळ्यांकडे बघत होती आणि बघता बघता तिचेही खांदे हलायला लागले. भाऊजी डोळे पुसत म्हणाले, "अक्का, काटा काडला. घाट वलांडला. आला बघा!"

"थांब!" बायडाक्का ओरडली. "हितं नगं. माझ्या दारात येतोय त्यो, माझ्या दारात आन. सोमवारी. माझ्याकडं भाकरतुकडा, पानी न्हाई का काय?"

सोमवारी संध्याकाळी आम्ही सगळ्या तिच्या दारात. भाऊजी गठ्ठा काखेत घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि सांगायला लागले. हैबतराव वेशीत आला, आळीत आला, दारासमोर आला. बायडाक्कानं भाकरीचा तुकडा भाऊजींच्यावरून तीन वेळा ओवाळला आणि दूर फेकला, पायावर पाणी घातलं. कादंबरी भिजली थोडी. मैनावती आतून जात्यावरून उठून आली, दोघं एक शब्द बोलले नाहीत, आणि इकडे चांगुणा रडायला लागली. मग पुरणपोळ्या झाल्या. बायडाक्कानं कुणालाही उठून वाढू दिलं नाही. एक पान तिनं आधी वाढून देवापुढं ठेवलं होतं. कुणासाठी ते कुणी विचारलं नाही.

गुरुवारी आम्ही गिरणीतच होतो. कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याचा पोऱ्या पळत आला. "बायडाआजी, फोन हाय! थांबलाय! पळा!"

बायडाक्का पळाली, तिच्यामागं आम्ही, आमच्यामागं पिठाच्या हातांनी भाऊजी. त्या काचेच्या खोक्यात एकच माणूस मावतं, आम्ही चौघी घुसलो. बाकीच्या काचेला नाक लावून.

"भरता?" बायडाक्का फोनात ओरडली. तिला वाटतं काश्मीर लांब आहे म्हणून जोरात बोलावं लागतं. "कुठं हायेस रं? दवाखान्यात? काय लागलंय? पाय? हाय का न्हाई पाय? हाय? मग हाय म्हन की आधी!" तिनं फोन छातीशी धरला आणि आम्हाला सांगितलं, "पाय हाय."

बाहेर असा गलका उठला की चहावाला परत धावत आला.

मी अगदी तोंडाशी होते, मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. भरत विचारत होता, "आये, मागं कोन ओरडतंय? काय झालंय तिकडं?"

"काय न्हाई रं. हैबतराव घरी आले ना सोमवारी. तवापासनं अशाच नाचत्यात."

"कोन हैबतराव?"

बायडाक्कानं काचेतून भाऊजींकडे बघितलं. ते रस्त्यात मटकन बसले होते आणि चांगुणा त्यांना पदरानं वारा घालत होती.

"तुझा थोरला भाऊ," बायडाक्का म्हणाली. "तू ये तर खरं. आन येताना संगमनेरला, ओतूरला, जुन्नरला, कुठं कुठं जेवायला थांबावं लागंल, त्ये मी तुला सांगते. पोट मोकळं ठिव."